शिक्क्याचं पान

शिवण उजव्या हाताला होती. मी तांब्या वाकवून अण्णांच्या पेल्यात पाणी ओतत होते, धार बारीक, एक थेंब इकडंतिकडं नाही, आणि डोळे उगाच खाली गेले तर त्यांच्या उत्तराच्या वहीचा पांढरा दोरा भलत्याच बाजूला. आधी वाटलं, आपणच उलटं बघतोय. मी बाकाच्या पुढं उभी होते ना, म्हणजे माझं डावं ते त्यांचं उजवं. म्हणून मी पेला सरळ करायच्या निमित्तानं त्यांच्या खांद्याशी सरकले, शेरवानीला येतो तो पेटीतल्या कापराचा वास नाकात गेला, आणि तिथूनही शिवण उजवीकडंच होती. पानाच्या कोपऱ्यात पहिल्या पानाचा गोल शिक्का नव्हता. जिना संपला असं समजून आपण पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं मला झालं. अण्णा शेवटच्या पानापासून लिहीत होते.

आणि काय सुंदर लिहीत होते! ओळी डावीकडून उजवीकडं, मी शिकवल्या तशा, अक्षरं एकमेकांचा हात धरून चाललेली. वर ठळक ‘चार्ज’, खाली रेघ. पहिला प्रश्न तोच आला होता. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन इंग्रजी शब्द, त्यांचे निरनिराळे अर्थ वाक्यांतून दाखवा आणि तुलना करा. चार्ज आणि लीव्ह. तासापूर्वी वर्गाच्या दारातून फळ्यावर ते दोन शब्द वाचले तेव्हा मी व्हरांड्यात माठाभोवती गिरकी घेतली होती. सांडू, आमच्या शाळेचा शिपाई, म्हणाला, “काय गं, अंगात आलं का काय?” मी म्हटलं, “सांडूमामा, माझा पेपर आला!” तो म्हणाला, “तुझा कशाचा? तुझ्या बापाचा हाय.” पण माझाच होता तो. कचेरीच्या कागदांत सारखे येतात म्हणून त्या दोन शब्दांवर मी आणि अण्णा अख्खा हिवाळा बसलो होतो.

अण्णा तहसिलीत अहलकार आहेत, म्हणजे कारकून, पण त्यांना कारकून म्हटलेलं आवडत नाही. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं उर्दूत झालं. शाळा उर्दूत, दफ्तर उर्दूत, रागावणंसुद्धा अर्धं उर्दूत. पोलिस अ‍ॅक्शन झाली आणि वरचे साहेब बदलले, मग कागद बदलले, मग एक दिवस हुकूम आला की जुन्या लोकांनी इंग्रजीची परीक्षा द्यायची. पास तो राहील. नापास होईल त्याचा दर्जा उतरेल आणि बदली होईल आडतालुक्याला. अण्णांना जो गाव मिळणार असं ठरल्यासारखं होतं, तिथं मुलींना चौथीच्या पुढं वर्गच नाही. मी नववीत. आई म्हणाली होती, “मग यमूचं काय?” अण्णा म्हणाले होते, “मग यमूचं काहीच नाही. घरी बसेल. आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढं काय होतं ते तुला माहीत आहे.” भाकरी तव्यावर फुगत होती, आईनं ती उलटलीच नाही, करपल्याचा वास येईपर्यंत आम्ही तिघं तव्याकडं बघत बसलो. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर अण्णा ओट्यावर माझ्यासमोर मांडी घालून बसले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, “हं, मास्तरीणबाई. सुरू करा.”

गेल्या वर्षापर्यंत वर्गात नाव पुकारलं तर मी हजेरीसुद्धा खाली बघून द्यायची. मग आमच्या इंग्रजीच्या दमयंतीबाईंनी स्नेहसंमेलनात मला चार वाक्यं बोलायला उभं केलं, समोर छावणीतले मोठे अधिकारी, त्यांच्या बायका, आणि मी चाराच्या जागी चौदा वाक्यं बोलले आणि टाळ्या पडल्या. तेव्हापासून मला गप्प बसवणं अवघड झालंय, हे मीच सांगते. म्हणून आज पाणी द्यायला मुली निवडल्या तेव्हा बाईंनी सगळ्यांना बजावलं, “उमेदवाराशी एक शब्दही बोलायचा नाही. ज्याच्याशी बोलाल त्याचा पेपर रद्द होईल.” आणि मग माझ्याकडं वळून, “यमुने, हे विशेष करून तुला.”

मी पुढच्या बाकाकडं गेले. जायला पाहिजे होतं. पेला, धार, पेला, धार. माझाच वर्ग, माझेच बाक, आणि त्यांत गुडघे वर काढून बसलेले हे मोठे मोठे पुरुष, काही शेरवानीत, काही नव्या कोटात. अण्णा तर नेमके माझ्या जागेवर, खिडकीजवळ, जिथं दौतीच्या भोकाशेजारी मी कंपासनं फूल कोरलंय. सकाळी त्यांना तिथं बसलेलं बघूनच मला कसंतरी झालं होतं. आपला बाप आपल्या जागेवर इतका लहान दिसतो हे कुणाला माहीत असतं? आणि आता ही शिवण. मी मनात सकाळ परत लावून बघितली. मद्रासकडून आलेले परीक्षेचे साहेब, पांढरी पँट, भराभर इंग्रजी. वह्या वाटल्या. साधे कागद, दोऱ्यानं शिवलेले, वर ना नाव ना काही, फक्त एका बाजूच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात गोल शिक्का. साहेब म्हणाले, मागं लोकांनी घरून लिहिलेली पानं आत घुसवली होती, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर शिक्क्याच्या पानावरच सुरू झालं पाहिजे, नाहीतर वही तपासलीच जाणार नाही. तपासलीच जाणार नाही, हे ते दोनदा म्हणाले. मला सगळं कळलं. दारात उभ्या उभ्या कळलं, आणि कळलं म्हणून मी मनातल्या मनात फुशारले. आणि वर्गातले सगळे पुरुष माना डोलवत होते. अण्णाही. किती समजूतदार मान डोलवली त्यांनी! जुन्या साहेबांसमोर डोलवायचे तशीच. न कळता.

उर्दूची वही उजवीकडून उघडते. आपलं शेवटचं पान ते तिचं पहिलं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, अण्णांच्या सगळ्या वह्या तशाच तर आहेत घरात, मी त्यांवर चित्रं काढत मोठी झाले. मी त्यांना पंचवीस-तीस अर्थ शिकवले आणि वही कुठून सुरू होते ते शिकवलं नाही. पण शिक्का? शिक्का तर दिसला असेल त्यांना! एवढा जांभळा, रुपयाएवढा. आणि मग मला फार जुन्या एका दुपारचा वास आला, लाखेचा, वितळलेल्या लाखेचा, आणि मी वर्गाच्या मधोमध तांब्या छातीशी धरून उभी राहिले.

तेव्हा मी दुसरीत असेन. अ‍ॅक्शनला थोडेच दिवस झाले होते, गुलमंडीवरची दुकानं उघडत होती आणि मिटत होती. आई मला एकटीला पाठवत नव्हती, शेजारच्या भागूबाईबरोबर मी अण्णांचा डबा घेऊन तहसिलीत गेले. आत अण्णांचे जुने साहेब होते, दाढी मेंदीची, मला बघितलं की नेहमी खडीसाखर द्यायचे. त्या दिवशी एक लष्करी माणूस टेबलाच्या अलीकडं उभा होता आणि साहेब पलीकडं. अण्णा शेजारी उभे राहून मेणबत्तीवर लाख धरत होते. थेंब थेंब कागदाच्या तळाशी पडली. साहेबांनी पितळी मोहर त्यावर दाबली, दाबूनच ठेवली, उचलेनात. मग उचलली आणि अण्णांना म्हणाले, “मोहर लगी, मधुसूदनराव. बात खतम.” आणि गेले. छत्री कोपऱ्यात तशीच. अण्णा छत्री घेऊन फाटकापर्यंत पळाले, पण टांगा निघून गेला होता. त्यांनी मला घरी जाताना सांगितलं, हा जायजा, एकानं दिला, एकानं घेतला. पुढं मी त्यांना ओट्यावर शिकवलं की जायजा म्हणजेच चार्ज, तेव्हा ते बराच वेळ दौतीत टाक बुडवत राहिले. शिक्का म्हणजे शेवट. आयुष्यभर कागदाच्या तळाशी मोहर लावणाऱ्या माणसाला कोण सांगणार की आता कागद तिच्यापासून सुरू होतो?

आमची तुलना किती छान जमली होती! मी अण्णांना म्हटलं होतं, चार्जचे सगळे अर्थ अंगावर येतात. खुर्चीचा चार्ज, कोर्टातला आरोप, डॉक्टरची फी, पोलिसांची लाठी, बंदुकीतली दारू. कुठलाही घ्या, वजन आहे. आणि लीव्हचे सगळे अंगावरून निघून जातात. रजा, परवानगी, निरोप, सोडणं, टाकून जाणं, मागं ठेवणं.

“थांब,” अण्णा म्हणाले. “निघून जाणं पण लीव्ह आणि मागं ठेवणं पण लीव्ह? मग माणूस गेला का राहिला ते कळायचं कसं?”

“पुढच्या शब्दावरून कळतं.”

“म्हणजे पुढचा शब्द येईपर्यंत घरच्यांनी जीव मुठीत धरून बसायचं. लईच बेभरवशाचं काम आहे इंग्रजांचं.”

“आणि तुमचं रुखसत? रजा पण रुखसत आणि मुलीची पाठवणी पण रुखसत!”

“ते वेगळं. रजेवरचा माणूस परत येतो.” आणि आईकडं बघून हसले. आई हसली नाही. मग त्यांनी वाक्य केलं, पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य, जुन्या साहेबांनी छत्री कोपऱ्यात लीव्ह केली. मी ओट्यावरून उडीच मारली. त्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. असला आनंद झालेला मी त्यांना कधी बघितला नव्हता.

हे सगळं माझ्या डोक्यात एवढ्या वेळात फिरलं जेवढ्या वेळात एक म्हातारे गृहस्थ पेलाभर पाणी पितात. बाईंना सांगावं? बाई साहेबांच्या शेजारीच बसल्या होत्या, साहेब विचारणार, या मुलीला कसं कळलं, ही कोणाची मुलगी, आणि मग तर झालंच, मुलगी बापाचा पेपर वाचत होती. मी पुन्हा अण्णांच्या बाकाशी आले. पेला भरलेलाच होता. मी उगाच तो उचलला, पुसला आणि ठेवताना बोटानं शिवणीवर टकटक केलं. अण्णांनी वर बघितलं. मी डोळे शिवणीकडं नेले, मग वहीखाली, मग पुन्हा त्यांच्याकडं. इतकं स्पष्ट! पण अण्णांचा चेहरा हळूहळू कडक झाला. त्यांना वाटलं, मी उत्तर सांगतेय. त्यांनी शेरवानीची बाही पानावर आडवी टाकली, वर्गातली हुशार मुलगी टाकते तशी, आणि मान अशी हलवली की नाही, यमे, हे नाही चालायचं. माझे अण्णा! मला रडावं का त्यांच्या बाहीचा चावा घ्यावा कळेना. त्यांनी टाक बुडवला आणि नवीन ओळ सुरू केली, ‘लीव्ह’, खाली रेघ, आणि पहिलंच वाक्य छत्रीचं. ते लीव्हवर आले होते. पान उलटलं की अजून एक, अजून एक, आणि शेवटी जांभळा शिक्का, आणि त्याखाली ते ऐटीत सही करणार, आणि मग मी घरी बसणार, आणि मग मला कोणीतरी चार्जमध्ये घेणार.

मी ठरवलं वगैरे काही नाही. माझा हात थंड होता, तांब्या ओला होता, एवढंच मला आठवतं. तांब्या कलला, धार जाड झाली, आणि पाणी पेल्यात न पडता पानावर पडलं, सगळंच्या सगळं, थांबवता आलं असतं तरी मी थांबवलं नाही. निळं निळं झालं. आधी छत्री गेली. मग लाठी, मग बंदूक, मग डॉक्टर. शाई माझ्या कोरलेल्या फुलात भरली आणि तिथून बाकाखाली अण्णांच्या मांडीवर टपकायला लागली. वर्गात बाक करकरले. साहेब ओरडले, “व्हॉट इज धिस नॉन्सेन्स!” सांडू धावत आला, “अगं ए भवाने, डोळे फुटले का गं? सत्यानाश केला की मानसाचा!” आणि अण्णा बाकाच्या आत अर्धवट उभे, उठता येईना, बसता येईना, दोन्ही हात हवेत, बोटांतून निळं पाणी. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, कोणालाच न म्हटल्यासारखं, “सगळं येत होतं मला. सगळं आलं होतं.”

तोंड उघडलं असतं तर पेपर रद्द. मी दात आवळून धरले. दमयंतीबाई आल्या, त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं त्या मला ओळखतच नाहीत, आणि साहेबांना हळू आवाजात विनंती केली. साहेबांनी घड्याळ बघितलं, मान झटकली, आणि एक कोरी वही आली. सांडूनं भिजलेली वही उंदीर धरावा तशी चिमटीत धरून बाहेर नेली. मी फडक्यानं बाक पुसला. मग बाईंच्या हातातली नवी वही मी जवळजवळ ओढूनच घेतली, शिवण डावीकडं केली आणि अण्णांसमोर ठेवली, शिक्का वर. आणि माझा ओला अंगठा त्या शिक्क्यावर दाबला. दाबूनच ठेवला. जांभळा रंग पसरला, अंगठ्याच्या रेषा उठल्या. अण्णा माझ्या अंगठ्याकडं बघत होते. मग शिवणीकडं. मग दाराकडं, जिथून ती भिजलेली वही गेली होती. त्यांच्या कपाळावरची शीर हलली. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. त्यांनी टाक उचलला आणि शिक्क्याच्या शेजारी, तळाशी नाही, वरती, लिहिलं, ‘चार्ज’.

“यू. आऊट,” साहेब मला म्हणाले.

व्हरांड्यात ऊन होतं. कठड्यावर सांडूनं ती वही वाळत घातली होती, पानं एकमेकांना चिकटलेली. मी म्हटलं, झालं काम. आतून टाकांचा आवाज येत होता, पावसाआधी पाखरं करतात तसला, आणि त्यात अण्णांचा टाक मला वेगळा ऐकू येत होता, भरभर, न अडखळता. येणारच! दुसऱ्यांदा तर अजून चांगलं येतं. मी खिडकीशी जाऊन टाचा उंचावल्या, फक्त एकदा बघावं म्हणून. अण्णा लिहीत होते. त्यांच्या पुढच्या बाकावर तात्यासाहेब होते, अण्णांच्याच कचेरीतले गिरदावर, गावोगावची शेतं-पिकं तपासत फिरणारे, गावाकडं मोठी शेतीवाडी, आमच्याकडं आले की दारातूनच “यमुनाबाई, चहा!” म्हणून गर्जना करणारे. तात्यासाहेब वहीवर पार झुकले होते. आणि त्यांच्या वहीची शिवण उजव्या हाताला होती.

मी खिडकीचा गज धरला. पलीकडच्या रांगेत ते म्हातारे गृहस्थ. उजव्या हाताला. त्यांच्या मागं शेरवानी, उजव्या हाताला. नव्या कोटातले दोघं डावीकडं, मग पुन्हा शेरवानी, पुन्हा उजवीकडं. मगाशी मी या प्रत्येकाला पाणी दिलं होतं, प्रत्येकाच्या खांद्याशी वाकले होते, आणि मला एकच वही दिसली होती. सगळ्यांनी मान डोलवली होती. सगळ्यांच्या टेबलावर कधी ना कधी लाख वितळली होती. मी धावत माठाशी गेले, तांब्या बुडवला, काठोकाठ भरला, परत दाराशी आले. सांडू दारातच स्टुलावर बसला होता. “आता कुनाला पानी?” तो म्हणाला. “तुला हाकललंय ना साहेबानं? का अजून एकाची बुडवायची हाय?” अजून एकाची. दुसऱ्या वहीवर पाणी पडलं तर ते पाणी राहणार नाही, त्याला सगळे ‘मुद्दाम’ असं नाव देतील, आणि पहिल्या वहीलाही देतील. खिडकीतून ओरडावं, वही फिरवा, शिक्क्यापासून लिहा, फक्त एवढं! इंग्रजीत, मराठीत, उर्दूत, तिन्हीत येतं मला! पण ओरडणारी मुलगी कोणाची, तर मधुसूदनरावांची, आणि मगाशी कोणाच्या वहीवर पाणी सांडलं, तर मधुसूदनरावांच्या. आत अण्णांनी पान उलटलं. बरोबर बाजूला उलटलं. तांब्या जड होत गेला, पाणी काठावर हलत होतं, माझ्या श्वासाबरोबर वर-खाली, आणि मी, जिला गप्प बसवणं अवघड आहे, ती तिथं गप्प उभी होते, अंगठा जांभळा, आणि सांडू उठला आणि त्यानं घंटा वाजवली.

आधी तात्यासाहेब बाहेर आले. घामानं न्हालेले, खूश. “काय यमुनाबाई! बापाला अंघोळ घातली म्हनं भर वर्गात!” ते हसले आणि माठाशी उकिडवे बसून त्यांनी ओंजळ पुढं केली. “पाज पानी. लई सोपा पेपर होता, काय भ्यालो होतो उगाच! लीव्हचे तर मी इतके अर्थ लिवले, म्हटलं आता साहेबच रजेवर जातो.” मी धार धरली. त्यांच्या मागून अण्णा आले, मांडीवर निळा डाग, टोपी हातात, आणि तिथंच थांबले. “मधुसूदनराव, तुमचं झालं का पुरं?” तात्यासाहेबांनी ओंजळीतून तोंड काढून विचारलं. अण्णा म्हणाले, “झालं.” “माझं बी. पार शेवटच्या पानाला भिडलो बघा. तिथं शिक्का मारूनच ठेवला होता त्यांनी, त्याच्याखाली सही ठोकली आन उठलो.” अण्णांनी माझ्याकडं बघितलं. पाणी सांडल्यापासून पहिल्यांदा बघितलं. मग ते माझ्या अंगठ्याकडं बघत राहिले, आणि मी तात्यासाहेबांच्या ओंजळीकडं, आणि ओंजळ भरली होती तरी माझा हात सरळ होईना.

“बस की गं पोरी,” तात्यासाहेब म्हणाले. “सांडतंय सगळं.”